चोर डीएचसीपी शोधताना या चुका टाळा

एकाच टॉवरवरच्या काही ग्राहकांचं नेट बंद, शेजारच्यांचं चालू, आणि सिग्नल मात्र सगळ्यांचा उत्तम. टॉवरवरून वायरलेस नेट पुरवणाऱ्या आपल्यासारख्यांकडे अशी तक्रार आली की आधी ग्राहकाचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, बघा. आपण १०.२० ने सुरू होणारे पत्ते देतो आणि तिथे १९२.१६८.०.१०५ दिसतोय, म्हणजे आपल्या नेटवर्कवर दुसरंच कुणी पत्ते वाटतंय. पत्ते वाटण्याच्या कामाला डीएचसीपी म्हणतात, म्हणून हा चोर डीएचसीपी. बहुतेक वेळा तो कुणाच्या तरी घरातला साधा वायफाय राउटर निघतो. छतावरच्या रेडिओची केबल वॅनऐवजी (बाहेरून नेट येण्याची खाच) लॅन पोर्टात (घरातल्या उपकरणांची खाच) खोचलेली असते.

घाईघाईने मुख्य राउटर रीस्टार्ट करू नका. ही चूक मी केली आहे. उपकरणं बहुधा आधी पोचलेलं उत्तर धरतात, आणि आपला राउटर उठेपर्यंत उत्तर द्यायला तो चोर एकटाच उरतो. माझ्या तक्रारी कमी व्हायच्या ऐवजी वाढल्या.

घरोघरी फिरूही नका. अडकलेल्या लॅपटॉपवर 'आयपीकॉन्फिग ऑल' ही आज्ञा दिली की डीएचसीपी सर्व्हरच्या ओळीत चोराचा आयपी मिळतो, 'एआरपी'मधून (आयपी आणि मॅकच्या जोड्यांचा तक्ता) त्याचा मॅक, म्हणजे उपकरणाचा हार्डवेअर क्रमांक. तो मॅक टॉवरवरच्या जोडलेल्या ग्राहकांच्या यादीत शोधत बसाल तर सापडणार नाही, कारण तिथे छतावरच्या रेडिओंचे मॅक असतात. ग्राहकांच्या रेडिओंमध्ये शिरून ब्रिजचा होस्ट तक्ता उघडा; कुठला मॅक कुठल्या बाजूने आला ते त्यात दिसतं. बाकी ठिकाणी तो मॅक वायरलेसच्या बाजूने आलेला दिसेल. ज्या एका रेडिओत तो ईथरनेटच्या बाजूने दिसतो, तेच घर.

क्लायंट आयसोलेशन (ग्राहकांना एकमेकांपासून वेगळं ठेवणारी सेटिंग) लावलं म्हणून निर्धास्त राहू नका. ते एका ॲक्सेस पॉइंटपुरतं, म्हणजे टॉवरवरच्या एका रेडिओपुरतं असतं. दोन सेक्टर (वेगवेगळ्या दिशांचे ॲक्सेस पॉइंट) खालच्या स्विचवर एकत्र येतात, तिथेही पोर्ट वेगळे करावे लागतात. खरा बंदोबस्त ग्राहकाच्या रेडिओतच करा: ईथरनेटकडून येणारं, यूडीपी सोर्स पोर्ट ६७ असलेलं पॅकेट अडवा; पत्ते वाटणाऱ्याचं उत्तर याच पोर्टावरून निघतं. डेस्टिनेशन (पोचण्याचा पोर्ट) ६७ अडवलंत तर ग्राहकाची पत्त्याची मागणीच आपल्यापर्यंत येणार नाही.

चोर सापडला तरी लीज (दिलेल्या पत्त्याची मुदत) संपेपर्यंत बाकीच्यांकडे चुकीचे पत्ते राहू शकतात. त्यांना फोन करून उपकरण बंद-चालू करायला सांगा. आणि त्या घरच्या माणसावर चिडू नका, त्याला दोन्ही खाचा सारख्याच दिसतात. केबल वॅनमध्ये लावा आणि तिथे रंगीत चिकटपट्टी डकवून या.