गावात फॅमिली शूटला जायच्या आधी काय काय बघून ठेवायचं

सगळ्यात आधी तारीख. कापसाची वेचणी, सोयाबीनची काढणी आणि गावच्या बाजाराचा दिवस हे तिन्ही विचारून घ्या, कारण लोक तोंडावर हो म्हणतात पण मजुरी बुडाली की ते चेहऱ्यावर दिसतेच. हिवाळ्यात चारनंतरचं तिरपं ऊन बेस्ट, पण पावणेसहाच्या आसपास सूर्य जातो म्हणून तीनलाच पोचा. उन्हाळ्यात एकदम सकाळी, नाहीतर जाऊच नका, ४५ डिग्रीत कोण हसणार? लहान पोरं असतील तर तान्हा पोळा (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोरांचा सण) धरा, लाकडी नंदी हातात आला की पोरगं स्वतःच पोज देते.

फोनवरच घरात कोण कोण आहे ते वहीत लिहून घ्या, नाव आणि हाक दोन्ही. "ओ निळ्या साडीवाल्या, जरा सरका" म्हटलं की ती बाई फोटोभर आखडून बसते, तेच "मोठ्या काकू, इकडे या ना" म्हणून बघा.

बॅगेत दोन बॅटऱ्या चार्ज केलेल्या (लाइटचा भरोसा नाही), दोन मेमरी कार्ड, ५० आणि ३५ एमएमची लेन्स. दोन रांगांचा ग्रुप असेल तर ॲपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं ते) एफ ५.६ ते ८ ठेवा, नाहीतर मागचे मामाजी धूसर येतात. आणि पांढरं धोतर, पांढरी टोपी असली की कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर फसतो आणि चेहरा काळवंडतो, तेव्हा मीटरिंग चेहऱ्यावरच घ्या.

आता खरं काम. दारात पाय ठेवल्या ठेवल्या सांगायचं की चहा शूट झाल्यावर घेऊ, कारण तुम्ही आले की घरची सून चुलीकडे पळते आणि अर्ध्या फोटोंत ती नसतेच, नंतर कोणी विचारतही नाही. मी तर पहिली फ्रेम ठरवतानाच तिला मधात उभी करतो. तशीच घरातली आजी, नवरा गेलेली असली की शुभ कामात पुढं यायचं नाही अशी सवयच लागलेली, ती ओसरीत बाजेवर बसून म्हणते "मले कशाले पोरा, मी बुढी". तिचा एकटीचा फोटो ग्रुपच्या आधी घ्या, लुगड्याचा पदर तिला स्वतःच्या हातानं नीट करू द्या, घाई नाही. म्हातारी माणसं "एक चांगला काढून ठेव, मंग कामी पडते" असं सरळ म्हणतात, तेव्हा दचकून विषय बदलू नका, नीट उजेडात बसवून काढा. आणि बाबाजी हसत नसतील तर नका हसवू, ताठ उभं राहून काढलेला फोटोच त्यांना आपला वाटते.

एडिटिंगमध्ये कोणाला गोरं करू नका बाप्पा! वावरात रापलेला रंग आहे तो, तोच राहू द्या. (लग्नाच्या अल्बमनं ही खोड लावली.)

प्रिंटचं आधीच बोला. भिंतीसाठी ८ बाय १२ एक, आणि आजीकडे फोन नसतो म्हणून तिच्यासाठी ४ बाय ६ वेगळी, ती पेटीत ठेवते. व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट करून पाठवा, साधे पाठवले की फोटो दबतो आणि त्यांनी तालुक्याला मोठी प्रिंट काढली की चेहरे फाटतात.