पांढऱ्या कपाटावर गुलाबी डाग: चॉक पेंट आणि वॅक्सच्या या चुका टाळा

मला येणारा फोटो दर वेळी एकच असतो. जुन्या बाजारातून आणलेलं कपाट, त्यावर फ्रेंच स्टाइलचा मस्त पांढरा रंग, त्या पांढऱ्यावर गुलाबी-पिवळे डाग, आणि खाली प्रश्न, "ताई, डबा खराब निघाला का?" डबा चांगला आहे हो. खालचं लाकूड कसलं आहे ते तुम्ही बघितलंच नाही.

ॲनी स्लोन बाईंनी 1990 मध्ये इंग्लंडमध्ये हा चॉक पेंट, म्हणजे खडूसारखा मॅट दिसणारा रंग, आणला आणि त्याची ख्यातीच अशी की घासाघासी नको, प्रायमर नको. बऱ्याच लाकडांवर ते खरंही आहे. पण आपल्याकडच्या जुन्या फर्निचरवर सुतारांनी लाल-तपकिरी रंग घातलेलं पॉलिश मारलेलं असतं, आणि चॉक पेंट पाण्यातला, त्यामुळे ओला रंग लागला की खालचा लाल रंग सुटतो आणि वर येतो. महोगनीचं लाकूड तर स्वतःच रंग सोडतं.

माझी फजिती सांगते. जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या मार्केटमधून एक ड्रेसिंग टेबल आणलं, पंधराव्या लुईच्या खुर्च्यांना असतात तसे वळणदार पाय, बघताच जीव जडला. पहिला हात मारला, सकाळी बघते तर आरशाखाली गुलाबी ढग. दुसरा हात, ढग तिथेच. तिसरा, चौथा... पाचव्या हाताला रंग इतका जाड झाला की पायावरची कोरीव पानं बुजली आणि ढग मात्र जसाच्या तसा! शेवटी शेजारच्या म्हाताऱ्या पॉलिशवाल्या काकांनी बघितलं, हसले, म्हणाले, "लाख मारायची होतीस आधी." ज्याला आपण फ्रेंच पॉलिश म्हणतो त्यातलीच लाख, ती खालचा डाग वर येऊ देत नाही. सगळा रंग खरवडायला मला चार रविवार लागले.

तेव्हापासून माझी सवय अशी: आधी पातळ साबणपाण्याने पुसायचं, वाळू द्यायचं, मग मागच्या बाजूला तळहाताएवढा रंग लावून रात्रभर सोडायचा. डाग आला तर फिक्या रंगाची चपडा लाख, अर्धा लिटर स्पिरिटमध्ये साधारण 100 ग्रॅम, रात्रभर भिजवून गाळून, पातळ दोन हात, मध्ये तासभर. "आजच संपवायचंय" म्हणणाऱ्यांनी प्लास्टिकची खुर्ची घ्यावी.

दुसरी लाडकी चूक वॅक्सची, म्हणजे रंग टिकावा म्हणून वरून लावायच्या मेणाची. लोक तुपासारखं थापतात! वॅक्स जितकं पातळ तितकं चांगलं, सुती फडक्याने चोळायचं आणि दहा मिनिटांनी दुसऱ्या कोरड्या फडक्याने जादाचं पुसून काढायचं, बोट फिरवलं तर चिकटता कामा नये. वरून त्याच दिवशी कोरडं वाटतं पण नीट कडक व्हायला तीनेक आठवडे जातात, पावसाळ्यात तर मी जास्तच धरते. माझ्या मावशीने जुलैमध्ये, चौथ्याच दिवशी, जाड वॅक्स लावलेल्या टीपॉयवर पेपर पसरून शेंगा सोलल्या. पेपर उचलला तर टीपॉयवर बातमीचा मथळा उलटा छापलेला. "वाचता येतंय गं आरशात," म्हणाली. टर्पेंटाइनने वॅक्स काढलं, थोडा रंगही गेला, पुन्हा सगळं केलं.

बाकीच्या पटापट:

डार्क वॅक्स थेट रंगावर लावू नका, रंग ते पिऊन टाकतो आणि काळपट चट्टे बसतात. आधी क्लिअर, मग डार्क. जास्त झालं तर क्लिअर वॅक्सनेच पुसलं जातं.

वॅक्सवर रंग किंवा व्हार्निश नको, नीट धरत नाही.

जुनंपण दाखवायला सगळीकडे सारखा पॉलिश पेपर मारू नका. हात कुठे लागतो ते बघा, मुठीभोवती, कडांवर, पायांच्या टोकाला. मधोमध झीज दिसली की जुनं वाटत नाही, उंदराने खाल्लंय वाटतं.

बारीक भोकं आणि खाली पिठासारखी पावडर दिसली तर आधी कीड मारा, भोकं बुजवायची लांबी (पुट्टी) आणि रंग नंतर.

जुना ऑइल पेंट कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. आपल्याकडे रंगातल्या शिशाला 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, तुमचं कपाट त्याआधीचं असणारच. पाणी लावून घासा, मास्क घाला, पोरांना लांब ठेवा.

मधमाशीचं मेण आणि टर्पेंटाइन घरी करणाऱ्यांनो, गॅसवर दोन्ही एकत्र ठेवलेला फोटो मला पाठवू नका, माझी झोप उडते. मेण गरम पाण्यावरच्या भांड्यात वितळवा, गॅस बंद करा, भांडं बाहेर नेऊन मग टर्पेंटाइन घाला.

आणि जेवायच्या टेबलावर वॅक्स अजिबात नको. मधमाशीचं मेण साठ-पासष्ट डिग्रीला वितळतं, तुमच्या आमटीचं पातेलं त्याहून गरम असतं. तिथे पाण्यातलं मॅट पॉलियुरेथेन व्हार्निश, तेही वॅक्स न लागलेल्या रंगावर. "पण फ्रेंच लुक जातो ना ताई?" जातो थोडा.