फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या टीममध्ये नव्याने येताय?

नर्सिंग करून नाशिकच्या एका कॅन्सर विभागात रुजू झाले, तेव्हा पहिले काही महिने मी फक्त पाट्या पाठ करत होते. मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट केमो देतात, रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट शेक देतात, थोरॅसिक सर्जन ऑपरेशन करतात. एवढं पुस्तकातही सापडतं. कोण कोणासाठी खोळंबलंय, हे मात्र मला निफाडकडच्या एका काकांमुळे कळलं.

खोकला, उतरलेलं वजन, एक्स-रेवर डाग. आपल्याकडे अशा डागाला पहिलं नाव टीबीचंच मिळतं. थुंकीत जंतू सापडले नव्हते, तरी गोळ्या सुरू झाल्या आणि चार महिने गेले. मग छातीरोगतज्ज्ञांनी ब्रॉन्कोस्कोपी करून, म्हणजे श्वासनळीत दुर्बीण घालून, तुकडा घेतला. मी डबी लॅबमध्ये पोचवली, माझ्या लेखी काम संपलं. रिपोर्ट आला, अ‍ॅडिनोकार्सिनोमा, फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार. पण ईजीएफआर, एएलके या पुढच्या, कॅन्सरच्या जनुकांतले बदल शोधणाऱ्या मॉलिक्युलर तपासण्यांना तुकडा पुरलाच नाही. त्या झाल्याशिवाय कॅन्सरवरच्या टार्गेटेड गोळ्या चालतील की केमो लागेल, हे ठरेना. काकांना सीटीखाली पुन्हा सुई टोचावी लागली. त्यांच्या मुलाने विचारलं, "सिस्टर, मग पहिल्यांदा टोचलं ते कशाला?" मी काहीच बोलू शकले नाही.

तुकडा तपासणारे पॅथॉलॉजिस्ट पेशंटला कधी दिसत नाहीत, पण सगळी टीम त्यांच्या एका ओळीवर अडलेली असते. म्हणून फॉर्मवर 'पुढे मॉलिक्युलर टेस्ट लागणार' असं लिहिलंय का, ते डॉक्टरांना विचाराच. म्हणजे पॅथॉलॉजिस्ट तुकडा जपून वापरतात. तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक पुढच्या तपासणीसाठी घेऊन नातेवाईक मुंबईला, परळला निघाले, तर तो उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका असं बजावून सांगा.

ट्यूमर बोर्डाला, म्हणजे सगळे डॉक्टर मिळून एकेका पेशंटचे उपचार ठरवतात त्या बैठकीला, मागे का होईना, बसा. एकाच सीटीकडे सर्जन आणि रेडिएशनवाले किती वेगळ्या नजरेने बघतात, ते तिथेच दिसतं.

फिजिओथेरपिस्टला ऑपरेशननंतर बोलावतात, असं मला वाटायचं. ते आधीच यायला हवेत. तीन चेंडूंच्या यंत्रात श्वास ओढून चेंडू वर धरायचा सराव छाती दुखत नसताना जमतो, टाके पडल्यावर नव्याने शिकणं फार जड जातं.

मेडिकल सोशल वर्करशी पहिल्याच दिवशी ओळख करून घ्या. शेक सोमवार ते शुक्रवार, कधी सहा आठवडे चालतात. पेठ-सुरगाण्याचा माणूस तेवढे दिवस राहणार कुठे, महात्मा फुले योजनेची मंजुरी कुठे अडली, हे सोडवणारा माणूस तोच. हे सुटलं नाही, तर पेशंट उपचार अर्धवट टाकून घरी जातो. पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे पेशंटचा त्रास कमी करणाऱ्या डॉक्टरांनाही शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबवू नका. धाप आणि दुखणं पहिल्या दिवसापासून असतं.

आणि आपलं, नर्सचं काम. केमोनंतर घरी जाताना मी फाईलच्या आतल्या बाजूला वॉर्डचा नंबर मोठ्या अक्षरात लिहिते आणि घरच्यांकडून थर्मामीटर वाचून घेते. ताप १००.४ झाला की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. लगेच फोन करायचा आणि निघायचं. सुरगाण्याहून नाशिकला पोचायलाच दोन-अडीच तास लागतात.