खड्ड्यात बंद पडणारा जीपीएस

सायकलच्या हँडलवरचा माझा हँडहेल्ड जीपीएस खड्डा आला की गपकन बंद व्हायचा. घरी टेबलावर मात्र तासन्‌तास चालायचा. बिघाड यंत्रात नव्हताच. हादऱ्याने डबल-ए सेल क्षणभर स्प्रिंगपासून सुटत होते. काढून पाहिले तर टोकांवर घासल्याचे काळपट डाग! खोडरबरने टोकं नि पत्र्या चकचकीत केल्या, स्प्रिंग हलकेच ताणली आणि प्रत्येक सेलभोवती कागदाची पट्टी गुंडाळली. सेल खुळखुळणार नाही इतकीच, जाड झाली तर झाकण लागत नाही. माउंटखाली, म्हणजे जीपीएस हँडलवर धरणाऱ्या पकडीखाली, जुन्या ट्यूबचा तुकडा घातला. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे, त्यामुळे सेटिंगमध्ये बॅटरीचा प्रकारही बदलला. आणि हो, जीपीएसची दोरी हँडलला बांधाच. नुसत्या माउंटवर भरवसा नको. आता कच्च्या रस्त्यावरही ट्रॅक, म्हणजे गेलेल्या वाटेची नोंद, सलग येतो.