जुन्या ओएसचा सोर्स कोड वापरायचाय? आधी देणारा मालक होता का ते बघा

युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचा (ओएसचा) सोर्स, म्हणजे मूळ कोड, नेटवर सापडला, शेजारी लायसन्सची फाइल पण आहे, म्हणजे आपलं काम झालं असं वाटतं ना, मला पण तसंच वाटायचं. पण ती फाइल नंतर वाचायची असते. आधी हे शोधायचं की ज्याने परवानगी दिली त्याच्याकडे ती द्यायचा हक्क होता का. या विषयातली सगळी भांडणं शेवटी तिथेच येऊन अडकतात.

सुरुवात व्हर्जनपासून करा. "युनिक्सचा सोर्स" असं एकच काही नाहीये, एटीअँडटी या टेलिफोन कंपनीच्या बेल लॅब्सची सहावी एडिशन (1975) वेगळी, सातवी (1979) वेगळी, व्हॅक्स कॉम्प्युटरवरची 32व्ही वेगळी, मग सिस्टिम थ्री, सिस्टिम फाइव्ह, बर्कली विद्यापीठाची बीएसडी, आणि प्रत्येकीचे कागद वेगळे. तेव्हा युनिक्सचा धंदा हातात असलेल्या कॅल्डेरा कंपनीने 23 जानेवारी 2002 च्या पत्राने जे मोकळं केलं ते फक्त पीडीपी-11 या जुन्या कॉम्प्युटरवरच्या एक ते सात एडिशन आणि 32व्ही, सिस्टिम थ्री आणि फाइव्ह त्यातून स्पष्ट शब्दांत वगळलेत. मी एकदा सिस्टिम थ्रीची फाइल सातव्या एडिशनची समजून उचलली होती, दिसायला जवळपास सारखीच, दोन दिवसांनी लक्षात आलं आणि सगळं काढून टाकावं लागलं. म्हणून फाइल कुठल्या टेपमधून किंवा आर्काइव्हमधून आली ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

आता मालकी कोणाकडून कोणाकडे गेली ते मागे मागे जाऊन तपासा. युनिक्सचं असं, एटीअँडटीची युनिक्स सांभाळणारी युएसएल कंपनी 1993 मध्ये नॉव्हेलने घेतली, नॉव्हेलने 1995 मध्ये युनिक्सचा धंदा सांताक्रूझ ऑपरेशन या कंपनीला विकला, त्यांच्याकडून 2001 मध्ये तो कॅल्डेराकडे गेला, आणि या कॅल्डेराने पुढच्या वर्षी नाव बदलून एससीओ ग्रुप केलं. मग 2003 मध्ये याच एससीओने आयबीएमवर केस टाकली, की आमचा कोड तुम्ही लिनक्स या मोफत ओएसमध्ये घातला. त्यावर नॉव्हेल म्हणालं थांबा, आम्ही धंदा विकला, कॉपीराइट कुठे विकले? हे भांडण वर्षानुवर्षं चाललं आणि 2010 मध्ये ज्युरीने निकाल दिला की कॉपीराइट नॉव्हेलकडेच राहिले, 2011 मध्ये अपिलातही तेच कायम झालं. आता गंमत बघा, 2002 चं ते मोकळं करणारं पत्र कॅल्डेराचं, आणि कोर्ट म्हणतंय कॉपीराइट त्यांच्याकडे आलेच नव्हते! लोक तो कोड आजही त्याच पत्राच्या भरवशावर वापरतात, बीएसडीपासून बनलेल्या फ्रीबीएसडीमध्ये पण कॅल्डेराचं नाव असलेल्या फाइल्स आहेत. माझं मत विचाराल तर वाचायला, सिम्युलेटरवर चालवायला, शिकवायला बिनधास्त घ्या, पण विकायच्या प्रॉडक्टमध्ये घालणार असाल तर फक्त त्या पत्रावर विसंबू नका, वकिलाला दाखवा.

मग शब्द वाचा, आणि नीट वाचा. कॅल्डेराचं लायसन्स बीएसडीसारखं आहे पण त्यात जाहिरातीचं जुनं कलम आहे, म्हणजे या सॉफ्टवेअरचा उल्लेख असलेल्या प्रत्येक जाहिरातीत कॅल्डेराचं नाव टाकायचं. बर्कलीने आपल्या कोडवरचं तसलं कलम 1999 मध्येच काढलं, पण हे कॅल्डेराचं तसंच राहिलंय, त्यामुळे हा कोड जीपीएलवाल्या (लिनक्सचं लायसन्स) प्रोजेक्टमध्ये मिसळता येत नाही. आठवी, नववी, दहावी एडिशन तर अजून वेगळी, तिथे 2017 मध्ये अल्काटेल-ल्युसेंट आणि नोकियाने सांगितलं की नॉन-कमर्शियल वापराविरुद्ध आम्ही कॉपीराइटचा दावा करणार नाही. हे दावा न करण्याचं आश्वासन झालं, लायसन्स नाही, दोन्हीत फरक आहे.

परवानगी कोणाला दिली तेही बघा. सीपी/एम या दुसऱ्या जुन्या ओएसचा किस्सा यासाठी भारी आहे, 2001 मध्ये मालक कंपनीने परवानगी दिली ती एका वेबसाइटच्या नावाने, मग बाकीच्यांना ती लागू होते का यावर वीसेक वर्षं लोक डोकं खाजवत बसले, शेवटी 2022 मध्ये मालकाने लिहून दिलं की हो, सगळ्यांनाच. मायक्रोसॉफ्टच्या एमएस-डॉसचं उलट, त्याचे सुरुवातीचे सोर्स 2014 मध्ये बाहेर आले ते फक्त अभ्यासापुरते, 2018 मध्ये तेच जवळपास काहीही करू देणाऱ्या एमआयटी लायसन्सखाली आले, आणि 4.00 आलं 2024 मध्ये. म्हणजे तुमच्याकडे 2014 ची झिप पडली असेल तर ती बाजूला ठेवा आणि नवीन रिपॉझिटरीतून घ्या, वापरायला सोपं पडतं.

लीक झालेला कोड असेल, विंडोज एक्सपीचा वगैरे, तर विषय संपला, हात लावू नका. कंपनी काही बोलत नाही म्हणजे तिने परवानगी दिली असं होत नाही. आणि नावाचा हिशोब कोडपेक्षा वेगळा असतो, युनिक्स हा ट्रेडमार्क द ओपन ग्रुपकडे आहे, त्यामुळे कोड मोकळा मिळाला तरी आपल्या सिस्टिमला युनिक्स म्हणून खपवता येत नाही.

प्रत्येक फाइलचा हेडर, म्हणजे सुरुवातीच्या ओळीही उघडून बघा, हे कंटाळवाणं आहे पण करा. युएसएलने 1992 मध्ये बीएसडी विकणाऱ्या बीएसडीआय कंपनीवर केस केली आणि पुढे बर्कलीलाही त्यात ओढलं, तेव्हा 1994 च्या तडजोडीत सुमारे 18,000 फाइल्सपैकी फक्त 3 काढाव्या लागल्या आणि 70 च्या आसपास फाइल्सवर युएसएलची कॉपीराइट नोटीस घालावी लागली. एवढ्याशा फाइल्ससाठी अख्खं बीएसडी दोन वर्षं लटकलं!

आणि कशाचाच पत्ता लागत नसेल तर सरळ पुन्हा लिहा. बर्कलीने नेट/2 या बीएसडीच्या रिलीजसाठी हेच केलं होतं, लोकांना सांगितलं की युटिलिटीचं छापील वर्णन वाचा आणि त्यावरून नव्याने लिहा, आणि 1991 पर्यंत कर्नलमधल्या (ओएसच्या गाभ्यातल्या) फक्त सहा फाइल्स उरल्या ज्या सुटत नव्हत्या. तुम्ही हे करणार असाल तर मूळ सोर्स वाचलेल्या माणसाला लिहायला बसवू नका, त्याने फक्त काय काम करायचंय ते कागदावर उतरवून द्यायचं, आणि कोणी काय वाचलं त्याची तारखेसकट नोंद रिपॉझिटरीतच ठेवा.