थंडीत बाथरूमची खिडकी बुजवताय? घरातल्या या चुका टाळा

थंडी पडली की बाथरूमच्या खिडकीत जुना टॉवेल कोंबला जातो. आत गॅस गिझर असेल तर याहून घातक चूक नाही. हवा अपुरी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. सिलिंडर गळला तर कळतं, कारण त्यात वास मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साईडला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 हून अधिक पट घट्ट धरतो. डोकं जड होतं, मळमळतं, पाय गळतात आणि दाराची कडी काढायचंही त्राण उरत नाही.

गिझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत बसवा. भाड्याच्या घरात ते जमत नसेल, तर दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, हवा खेळू द्या आणि मगच अंघोळीला जा. ज्योत निळीच हवी. पिवळी दिसली तर मेकॅनिकला बोलवा. आत कुणी कोसळलं तर आधी उघड्यावर आणा आणि डॉक्टरांना गिझर चालू होता हे आवर्जून सांगा. नाहीतर साधी चक्कर समजली जाते.

दुसरी चूक हौसेची. पितळेची पातेली माळ्यावरून खाली आलीत, पण कल्हई कोण बघतं? आतून चंदेरी थर हवा. पिवळं डोकावू लागलं की त्यात आमसुलाची आमटी, ताक, टोमॅटोचं सार नको. आंबटाने तांबं सुटतं, पदार्थ कळकतो आणि उलट्या होतात. तारेची घासणीही नको. मी एकदा रिकामं पातेलं गॅसवर ठेवून फोनवर बोलत बसलो. येऊन बघतो तर कल्हईचे मणी झालेले! कल्हईतलं कथील 232 अंश सेल्सिअसलाच वितळतं.

रद्दीत बांधलेल्या वड्याचं बूड कधी निरखून बघा, उलटी अक्षरं उमटलेली असतात. छपाईच्या शाईत शिसं असू शकतं; देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने 2016 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये याबद्दल बजावलंय. घरी भजी निथळायलाही वर्तमानपत्र घेऊ नका, झारा आणि चाळणी पुरते.

आणि दिवाळीच्या साफसफाईत संडासात ॲसिड टाकल्यावर वरून ब्लीचिंग पावडर कधीच टाकू नका. क्लोरीन वायू सुटतो. चुकून टाकलीच आणि घसा चरचरला, तर पाणी ओतत बसू नका. आधी बाहेर पडा.