पेटीवरून पियानोकडे वळताना

पेटी वाजवणाऱ्याला पियानोच्या पट्ट्या ओळखीच्या वाटतात. काळी एक, पांढरी चार ही नावेसुद्धा (सप्तकातल्या काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्या डावीकडून वेगवेगळ्या मोजून दिलेली) तशीच लागू पडतात, आणि या ओळखीमुळेच सुरुवातीला फसगत होते. पेटीत भाता चालू आहे आणि पट्टी दाबलेली आहे तोवर सूर टिकतो. तो लहान-मोठा करणे हे भात्यावरच्या हाताचे काम असते. पियानोत पट्टी दाबली की फेल्ट लावलेली हातोडी तारेवर आघात करून लगेच मागे येते आणि त्या क्षणापासून सूर विरू लागतो. पट्टी किती वेगाने खाली गेली यावर त्याचा जोर ठरतो. आघातानंतर ती कितीही दाबून धरली तरी त्यात भर पडत नाही. म्हणूनच पियानोवादक होणे म्हणजे, माझ्या मते, विरत जाणारा सूर शेवटपर्यंत ऐकण्याची आणि पुढचा सूर त्याच्या बेताने लावण्याची सवय अंगी बाणवणे होय. बोटांचा वेग ही त्यानंतरची गोष्ट आहे.

बैठकीपासूनच बदल करावा लागतो. स्टुलाच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसावे, पावले जमिनीवर पूर्ण टेकलेली असावीत आणि कोपर साधारण पट्ट्यांच्या पातळीवर यावे. खांदे उचलले जात असतील तर स्टूल खाली आहे असे समजावे आणि ते वर घ्यावे.

पहिला रियाज एकाच सुराचा करावा. मधल्या सप्तकातील पांढरी एक मध्यम जोराने वाजवून पट्टी धरून ठेवावी आणि आस पूर्ण संपेपर्यंत काहीही करू नये. मग तोच सूर पुन्हा वाजवावा आणि तो निम्मा विरला असे वाटताच पांढरी दोन, त्या उरलेल्या आवाजाइतकीच हळू वाजवून पाहावी. दुसरा सूर पहिल्याच्या मूळ जोराने वाजवला तर दोघांमध्ये धक्का जाणवतो. उरलेल्या आवाजाशी जुळवून वाजवला तर दोन सूर एका श्वासात गायल्यासारखे येतात. पेटीवर ही अडचण कधी येत नाही, आणि पियानोवर ती प्रत्येक ओळीत येते. हातोडीच्या वाद्यावर गाण्याचा भास निर्माण करायचा तो असाच.

बोटांच्या ठेवणीसाठी पोलिश पियानोवादक आणि रचनाकार शोपँ आपल्या शिष्यांना जी सुरुवात करून देत असे, ती मला आजही सर्वांत शहाणपणाची वाटते. उजव्या हाताचा अंगठा पांढरी तीनवर, पुढची तीन बोटे अनुक्रमे काळी तीन, काळी चार आणि काळी पाचवर, आणि करंगळी पांढरी सातवर ठेवावी. लांब बोटांना उंच पट्ट्या आणि आखूड बोटांना खालच्या पट्ट्या मिळाल्यामुळे हात आपोआप नैसर्गिक गोलाईत येतो. नवशिक्याला सर्व पांढऱ्या पट्ट्यांचे सप्तक सोपे दिसते. शोपँच्या मते ते हाताला सर्वांत अवघड होते. डाव्या हातासाठी हीच ठेवण आरशातल्यासारखी उलटी घ्यावी: अंगठा पांढरी एकवर, मग खालच्या दिशेने काळी पाच, काळी चार, काळी तीन, आणि करंगळी पांढरी चारवर.

भाता ओढण्यात वर्षे घालवलेल्या डाव्या हाताला आता स्वतःचे गाणे म्हणायचे असते, आणि येथे पेटीवादकाचा खरा कस लागतो. त्यासाठी जर्मन रचनाकार बाखच्या दोन स्वरपंक्तींच्या १५ इन्व्हेन्शन्स, म्हणजे छोट्या रचना, घ्याव्यात. १७२३ सालच्या मुखपृष्ठावर त्याने स्वतः दोन पंक्ती स्वच्छ वाजवायला शिकणे आणि वादनात गायकी आणणे हे त्यांचे हेतू नमूद केले आहेत. पहिल्या इन्व्हेन्शनमध्ये, पांढरी एकला सा मानले तर, उजवा हात ‘सारेगम रेगसा प’ असे म्हणतो आणि अर्ध्या मात्राखंडानंतर (नोटेशनमधल्या दोन उभ्या रेघांमधला भाग म्हणजे एक मात्राखंड) डावा हात तेच खालच्या सप्तकात म्हणतो. प्रथम प्रत्येक हाताची पंक्ती वेगळी बसवावी आणि बोटांचे आकडे पेन्सिलीने नोटेशनवर लिहून तेच कायम ठेवावेत. मग एक पंक्ती वाजवत दुसरी सरगममध्ये गावी, आणि नंतर अदलाबदल करावी. गाता येत नसेल तर ती पंक्ती अजून ऐकू येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी हात एकत्र करण्याची घाई करू नये. एकत्र करतानाही दोन मात्राखंडांपेक्षा जास्त घेऊ नये आणि लय इतकी विलंबित ठेवावी की चूक होण्यापूर्वी ती येताना दिसेल. एका बैठकीत संपूर्ण रचना दहादा दामटण्यापेक्षा हे तुकडे पक्के करणे कितीतरी फलदायी ठरते.

उजवा पेडल इतक्यात या रचनांत वापरू नये. तो दाबला की सगळे डँपर, म्हणजे तारांचा आवाज थांबवणाऱ्या फेल्टच्या गाद्या, तारांवरून उठतात आणि सुरांचा गोंधळ झाकला जातो. त्याचा सराव स्वतंत्रपणे करावा: सा-ग-प हे तीन सूर एकत्र वाजवून पेडल दाबावा, म-ध-वरचा सा वाजवताना त्याच क्षणी पाय वर घ्यावा आणि नवे सूर लागल्यावरच पुन्हा खाली न्यावा. पाय आणि हात एकाच वेळी खाली गेले, तर जुने सूर नव्यांत मिसळून राहतात.

घरी अकूस्टिक, म्हणजे तारा-हातोड्यांचा, पियानो परवडत नसेल तर ८८ वजनदार (त्याच्यासारख्याच जड लागणाऱ्या) पट्ट्यांचा डिजिटल पियानो चालेल. बोटांच्या जोराला प्रतिसाद न देणारा साधा कीबोर्ड मात्र चालणार नाही. अकूस्टिक पियानो असेल तर मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत लाकूड फुगून सूर हलतात, म्हणून तो बाहेरच्या भिंतीला आणि खिडकीला लावून ठेवू नये आणि वर्षातून निदान एकदा, शक्यतो पावसाळा सरून हवा स्थिरावल्यावर, ट्यूनरकडून लावून घ्यावा.